शेवटपर्यंत सांभाळण्याचा करार

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेतल्या म्हाताऱ्या माणसांच्या राहण्याच्या सोयींबद्दल बोलायचं तर पहिली अडचण शब्दांचीच येते. आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हटलं की दहा-पंधरा खाटांचं, बहुधा बाळंतपणाचं, डॉक्टरांचं खासगी रुग्णालय डोळ्यांसमोर येतं. तिकडे नर्सिंग होम म्हणजे चोवीस तास परिचारिका असलेली, माणूस महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं राहतो अशी जागा. आज ज्या वसाहतीबद्दल बोलणार आहे तिथे हा नुसता एक विभाग असतो. एकाच आवारात आधी स्वतंत्र घरं, मग आंघोळ, कपडे, औषधं यांत हात देणारा विभाग, स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी वेगळी सोय आणि शेवटी नर्सिंग. याला ते 'कंटिन्युइंग केअर रिटायरमेंट कम्युनिटी' म्हणतात. 2015 मध्ये या क्षेत्रातल्या संस्थांनी 'लाइफ प्लॅन कम्युनिटी' असं नवं नाव पुढे आणलं. नाव कुठलंही असो, महत्त्वाचा असतो तो करार.

उदाहरण घेऊ 'केंडाल ॲट लाँगवुड'चं. पेनसिल्व्हेनियात, अळिंबीच्या शेतीसाठी प्रसिद्ध असलेल्या केनेट स्क्वेअर गावाजवळ, लाँगवुड गार्डन्स या मोठ्या उद्यानाच्या शेजारी ही वसाहत 1973 मध्ये सुरू झाली. उभी केली क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी. उत्तर इंग्लंडमध्ये केंडाल नावाचं गाव आहे, या पंथाच्या सुरुवातीच्या काळाशी जोडलेलं. नाव तिथून आलं. त्याआधी 1967 मध्ये त्याच राज्यात क्वेकरांनीच 'फोकवेज' सुरू केलं होतं. केंडालच्या शेजारी 1977 मध्ये 'क्रॉसलँड्स' झालं, पुढे हॅनोवर, ओबर्लिन, इथाका या गावांत भावंडं झाली. राहायला यायचं तर क्वेकर असावं लागत नाही.

ही कल्पना मुळात जुनी, चर्चच्या वृद्धाश्रमांतली. 'असेल नसेल ती पुंजी आमच्या हवाली करा, आम्ही मरेपर्यंत सांभाळतो.' ऐकायला छान, पण हिशेबाला कच्चं. माणसं अपेक्षेपेक्षा जास्त जगली, महागाई वाढली, आणि एकदा घेतलेल्या पैशांत पुढची वीस वर्षं निभेनात. मग नव्या येणाऱ्याचे पैसे जुन्याच्या खर्चाला. कॅलिफोर्निया, ॲरिझोना आणि हवाईत घरं चालवणारी, मेथडिस्ट चर्चशी जोडलेली 'पॅसिफिक होम्स' ही संस्था 1977 मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा राज्यं जागी झाली. पेनसिल्व्हेनियाने 1984 मध्ये कायदा केला आणि या वसाहती राज्याच्या विमा खात्याच्या देखरेखीखाली आणल्या. आरोग्य खातं सोडून विमा खातं का? कारण निरोगी असताना पैसे भरायचे आणि आजारी पडल्यावर सेवा घ्यायची, म्हणजे हा विमाच झाला.

अशा बऱ्याच वसाहती ना-नफा संस्था चालवतात, म्हणून आता 'ना-नफा' या शब्दाबद्दल. आपला समज असा की ना-नफा म्हणजे धर्मादाय, म्हणजे गरिबांसाठी, म्हणजे फुकट. इथे तसं नाही. तिथल्या आयकर खात्याने 1972 मध्ये एक निर्णय दिला. म्हाताऱ्यांना नुसता पैशांचा अभाव नसतो. राहण्याची जागा, आरोग्य आणि पैशांबाबतची निश्चिंती या तिन्ही गरजा भागवणारी संस्था, रहिवाशांकडून शुल्क घेत असली तरी, धर्मादाय मानली जाईल. अट महत्त्वाची: आत आलेल्या माणसाचे पैसे पुढे संपले तर त्याला बाहेर काढायचं नाही, यासाठी संस्थेने आपल्याकडून व्यवस्था केलेली असली पाहिजे. म्हणून अशा संस्थांकडे मदतनिधी असतो. पण इथेच एक खाच आहे. आत आल्यावर मुला-नातवंडांना मोठ्या रकमा बक्षीस देऊन हात रिकामे केले असतील, तर बहुतेक करारांनुसार ही मदत नाकारता येते.

पैसे दोन तऱ्हेने द्यायचे असतात: प्रवेशशुल्क आणि मासिक शुल्क. प्रवेशशुल्क म्हणजे घराची किंमत नव्हे. खरेदीखत होत नाही, घर वारसांच्या नावावर चढत नाही. परतफेडीची एक रूढ पद्धत अशी: दर महिन्याला दोन टक्के कापत जायचे. समजा 3,00,000 डॉलर भरले आणि दहा महिन्यांनी सोडलं, तर 2,40,000 परत. पन्नास महिन्यांनंतर काही नाही. पन्नास किंवा नव्वद टक्के परतीचेही करार असतात, त्यांचं प्रवेशशुल्क अर्थातच जड असतं. आणि परत मिळणार म्हणजे कधी? पुष्कळ करारांत ते घर पुन्हा दुसऱ्या कुणाला दिल्यावर. घर पडून राहिलं की वारसही थांबून राहतात. आणि संस्था बुडालीच तर घर गहाण ठेवून घेतलेल्या कर्जरोख्यांचा हक्क सहसा आधी, रहिवाशांचा नंतर.

करारांचे ढोबळ तीन प्रकार. 'अ' प्रकारात, त्याला लाइफ केअर म्हणतात, नर्सिंग विभागात गेलं तरी मासिक शुल्क जवळजवळ तेच राहतं. महागाईची वार्षिक वाढ मात्र होते. 'ब' प्रकारात नर्सिंगचे ठरावीक दिवस मिळतात, पुढे जादा आकार. 'क' प्रकारात प्रवेशशुल्क कमी, पण नर्सिंग लागलं की बाजारभाव. माझ्या मते नवरा-बायको दोघं जात असतील तर 'अ' प्रकार नीट तपासून पाहावा, कारण एक घरात आणि एक नर्सिंगमध्ये अशी वेळ आली की 'क' प्रकारात महिन्याचा खर्च एकदम उडी घेतो.

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे उशीर. 'अजून हातपाय धड आहेत, बघू पुढे' असं म्हणत लोक थांबतात. पण प्रवेशाआधी डॉक्टरांचे कागद, स्मरणशक्तीची चाचणी आणि उत्पन्न-मालमत्तेचा तपशील मागतात. पार्किन्सनचं किंवा स्मृतिभ्रंशाचं निदान झाल्यावर 'अ' प्रकार बहुधा मिळत नाही. चांगल्या ठिकाणी प्रतीक्षायादी वर्षांची असते. यादीत नाव घालणं म्हणजे करार नव्हे; आधी नाव घालून ठेवावं, निर्णय नंतर घ्यावा.

केंडालचं नाव मात्र घरांपेक्षा दुसऱ्याच एका गोष्टीसाठी झालं. अमेरिकेतल्या नर्सिंग होम्समध्ये 1980 च्या दशकात सुमारे चाळीस टक्के रहिवाशांना बांधून ठेवत. छातीवर बंद असलेलं जाकीट, मनगटाला पट्टा, चाकाच्या खुर्चीला कमरपट्टा. हेतू चांगला, माणूस पडू नये. पण बांधलेल्या माणसाचे स्नायू आटतात, शय्याव्रण होतात, वेळेवर उठता न आल्याने कपड्यांतच होतं, आणि सुटायची धडपड करताना पट्टा गळ्याशी येऊन जीव गेल्याच्याही घटना आहेत. केंडालने पहिल्या दिवसापासून कुणालाच बांधलं नाही. 1986 मध्ये त्यांनी 'अनटाय द एल्डरली', म्हणजे म्हाताऱ्यांना मोकळं करा, ही मोहीम सुरू केली. 1987 च्या केंद्रीय कायद्याने शिस्तीसाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी बांधण्यावर बंदी घातली, आणि 1989 च्या डिसेंबरात सिनेटच्या वार्धक्यविषयक समितीने केंडालबरोबर याच विषयावर परिसंवाद घेतला.

न बांधता पडणं कसं टाळायचं? आधी विचारायचं, हा माणूस उठतो कशासाठी? बहुतेक वेळा उत्तर साधं असतं: लघवीला लागलेली असते, कुठेतरी दुखत असतं, नाहीतर खुर्चीत तासन्‌तास बसून कंबर अवघडलेली असते. मग ठरावीक वेळांनी, आणि जेवणानंतर आठवणीने, शौचाला नेऊन आणायचं. पलंग जमिनीलगत उतरवायचा, बाजूला गादी टाकायची. खुर्ची माणसाच्या मापाची हवी. पाय लोंबकळत असतील तर तो घसरतच राहणार. रात्री संडासच्या वाटेवर दिवा, पायांत न घसरणारे मोजे, चष्मा हाताशी. झोपेच्या गोळ्या डॉक्टरांकडून कमी करून घ्यायच्या. यातलं पुष्कळसं आपल्या घरी आजीसाठी आजपासून करता येईल.

1965 च्या स्थलांतर कायद्यानंतर अमेरिकेत गेलेली मराठी पिढी आता याच वयात आहे, म्हणून दोन गोष्टी त्यांच्यासाठी. मेडिकेअर, म्हणजे तिथला म्हाताऱ्यांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, दीर्घकाळच्या नर्सिंगचा खर्च देत नाही. रुग्णालयात सलग तीन दिवस दाखल राहिल्यानंतर, बरं होण्यासाठी म्हणून, जास्तीत जास्त शंभर दिवस. त्यातले पहिले वीस पूर्ण, पुढे रोजचा वाटा आपला. आणि ग्रीन कार्डावर बोलावून घेतलेल्या आई-वडिलांना सलग पाच वर्षं तिथे राहिल्याशिवाय मेडिकेअर विकतही घेता येत नाही.

वसाहत बघायला गेलात तर नमुन्याचं घर शेवटी बघा. तिथले पडदे सगळीकडे छानच असतात. आधी लेखापरीक्षित ताळेबंद मागा, किती घरं रिकामी आहेत ते विचारा, गेल्या पाच वर्षांत मासिक शुल्क दर वर्षी किती वाढलं ते लिहून घ्या. स्वयंपाकघरात विचारा, शाकाहारी म्हणजे रोज उकडलेल्या भाज्या आणि चीज, की आमटी-भातही होऊ शकेल. मग नर्सिंग विभागात संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी जा. कुणी मदतीसाठी बटण दाबलं आणि खोलीच्या दारावरचा दिवा लागला की घड्याळ बघा, आणि कुणीतरी आत जाईपर्यंत किती मिनिटं जातात ते मोजा.

नमस्कार.