दंगेखोर मुलाचा पी.टी.चा तास

ही सायकल जागची हलत नाही. पॅडल मारलं की समोरच्या पडद्यावरचा रस्ता धावू लागतो.

अमेरिकेत बॉस्टनच्या मॅनव्हिल शाळेत अशा सायकली आणल्या गेल्या. तिथल्या मुलांपैकी कुणाला स्वमग्नता, कुणाला एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अति चंचलपणा), कुणाला टोकाची चिंता. राग आवरणं, जागेवर बसणं त्यांना फार जड जातं. हार्वर्डच्या एप्रिल बोलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभराहून अधिक मुलांना सात आठवडे, आठवड्यातून दोनदा, पी.टी.च्या तासाला सायकलवर बसवलं. एका वेळी 30 ते 40 मिनिटं.

2017 मध्ये निष्कर्ष छापून आले. नेहमीच्या पी.टी.च्या तुलनेत, मुलाचा स्वतःवरचा ताबा सुटण्याची किंवा शिस्तीपायी त्याला वर्गाबाहेर काढावं लागण्याची शक्यता 32 ते 51 टक्क्यांनी कमी झाली होती. सायकल चालवलेल्या दिवशी हा फरक जास्त दिसला.

पण मग सायकलच का? सांघिक खेळात या मुलांचं नेमकं तिथंच अडतं: गोंगाट, धक्काबुक्की, भराभर बदलणारे डाव, आणि ‘याला आमच्यात नको’ म्हणणारे सवंगडी. सायकलवर यातलं काहीच आड येत नाही. छाती धडधडते, घाम फुटतो, आणि कुणाशी भांडण होत नाही.

नुसता घाम गाळून मात्र भागत नाही. नॉर्वेत 11 ते 13 वर्षांच्या 477 मुलग्यांवर दोन वर्षं लक्ष ठेवलं गेलं. बॉक्सिंग, कुस्ती, वेटलिफ्टिंग करणाऱ्यांची दांडगाई खेळाबाहेरही वाढलेली आढळली. संशोधकांनी बोट ठेवलं ते अशा ठिकाणच्या मर्दानगीच्या वातावरणावर. म्हणून व्यायामाइतकंच महत्त्व शिकवणाऱ्याला आहे, असं मला वाटतं.

5 ते 17 वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी 60 मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे परीक्षा जवळ आली की खेळाचा तास गणिताला जातो. त्याहून वाईट म्हणजे, दंगा केला की पहिली शिक्षा ठरलेली: ‘आज तू ग्राउंडवर जायचं नाहीस.’

शिक्षकांनो, ज्या सातवी-आठवीतल्या मुलाची तक्रार रोज येते, त्याला सकाळीच वीस मिनिटं पळू द्या, दोरीवरच्या उड्या मारू द्या. शिक्षा म्हणून नको, सगळ्यांसमोर नको. एखादा मित्र सोबत द्या. आणि त्या दिवशी तो वर्गात कसा वागला, याची नोंद महिनाभर ठेवा.