मालशेजच्या वाटेवरचं मुरबाड

नमस्कार श्रोतेहो.

पावसाळा लागला की शनिवार-रविवारी ठाण्या-कल्याणहून मालशेजकडे गाड्यांची रीघ लागते. धबधब्याखाली भिजायचं, कांदाभजी खायची आणि अंधार पडायच्या आत घर गाठायचं. वाटेत मुरबाड लागतं ते चहा-वडापावापुरतं. कल्याणपासून तीसेक किलोमीटरवरचं हे तालुक्याचं गाव. रेल्वे नाही, सगळी भिस्त एसटीवर आणि वडापच्या जीपगाड्यांवर. एमआयडीसी आली, इमारती उठल्या. तरी इथली उलाढाल अजून बरीचशी भातावरच हलते. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर वेगळा झाला तेव्हा ठाणे जिल्ह्याची बरीच शेती तिकडे गेली. उरलेल्यात मुरबाड आणि शहापूर यांचा मान मोठा.

आपल्याला गाडीतून दिसतं ते हिरवंगार खाचर. त्या हिरव्याची तयारी मात्र भर उन्हाळ्यात झालेली असते, तीही जाळून! फाल्गुन-चैत्रात शेताच्या एका कोपऱ्यात शेण, ऐनाचे टहाळ, पालापाचोळा, गवत असे थर रचतात, वर बारीक माती पसरतात आणि वाऱ्याच्या उलट्या बाजूने पेटवतात. म्हणजे आग भरकन पळत नाही, सावकाश धुमसत जमीन भाजून काढते. हा राब. तणाचं बी मरतं, राखेचं खत होतं. पहिल्या पावसावर तिथेच भात पेरायचा, तीनेक आठवड्यांत आवण, म्हणजे भाताची रोपं, तयार होतं. ते उपटायचं, मुठी बांधायच्या आणि चिखलणी केलेल्या खाचरात लावणी. पाठीवर पूर्वी इरलं असायचं, आता प्लास्टिकचा कागद.

राबासाठी झाडं बोडकी होतात, हा आक्षेप खरा आहे. म्हणून गादीवाफ्यावर रोपं करा असं कृषी खात्याची माणसं सांगतात. शेजारच्या नेरळला तर चिखलणी आणि लावणी दोन्ही टाळणारं सगुणा राइस तंत्र निघालं. मला स्वतःला ही नवी वाट पटते. लावणीला मजूर मिळेनासे झालेत, हे कुठल्याही बांधावर उभं राहिलात तरी ऐकू येईल. पण बापजाद्यांची रीत एका प्रात्यक्षिकाने सुटत नाही, आणि वर्षाचं धान्य पणाला लावायचं असतं ते शेतकऱ्याला, आपल्याला नाही.

पावसाच्या तोंडावर इथल्या रानात शेवळं ही रानभाजी उगवते. ठाकर, कातकरी बायका त्यांच्या जुड्या घेऊन कल्याण-ठाण्याच्या बाजारात बसतात. सोबत काकडांचा, म्हणजे हिरव्या आंबट रानफळांचा, वाटा असतो. तो घ्यायचाच, कारण शेवळाची खाज काकडाच्या आंबटपणाने मरते. शेवळाच्या आतला पिवळा भागही काढून टाकायचा. निवडायचा कंटाळा कराल तर घसा दिवसभर आठवण करून देईल.

आणखी पुढे, वैशाखऱ्याहून नाणेघाटाची चढण सुरू होते. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल सातवाहनांच्या काळात याच वाटेने जुन्नरला चढायचा. वरच्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञात दान दिलेल्या गाईंचे आणि कार्षापणांचे, म्हणजे त्या काळच्या नाण्यांचे, आकडे त्यात कोरलेत. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनांपैकी ते एक. दक्षिणेकडे सिद्धगड. तिथे 2 जानेवारी 1943 ला स्वातंत्र्यलढ्यातले भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले.

पाण्याचंही सांगायला हवं. बारवी धरणाचं पाणी कारखान्यांना आणि आपल्या शहरांच्या नळांना येतं. धरणाची उंची वाढवली तेव्हा मुरबाड तालुक्यातल्या वाड्या-पाड्यांना घरदार सोडावं लागलं. एवढा पाऊस पडणाऱ्या या डोंगरपट्ट्यात उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन विहिरीवर रांग लावतात, हे बघून आपली मान खाली जायला हवी.

तेव्हा एकदा पावसाळा सोडून या. कार्तिकात आलात तर खळ्यावर झोडणी चाललेली दिसेल, आणि भात निघालेल्या खाचरात उरल्या ओलीवर वाल-हरभरा पेरलेला. नाहीतर पौष पौर्णिमेला म्हसा गाठा. खांबलिंगेश्वराची जत्रा भरते आणि तिच्यासोबत गुरांचा मोठा बाजार. भात विकून हातात चार पैसे आलेले असतात, म्हणून बाजाराला हा मुहूर्त सोयीचा. पॉवर टिलर आले तरी बैल बघणारे जाणकार अजून आहेत. आधी बैलाला चार पावलं चालवून बघतात, मग खालचा ओठ खाली ओढून दात: दोन दाती, चार दाती, सहा दाती. आठही आले की बैल जुळला, म्हणजे पुरता वयात आला. किमतीची बोलणी त्यानंतर, आणि ती एका चहात उरकत नाहीत.

नमस्कार.