ब्लेअर विच खरंच भारी आहे का नुसती हवा? (पाहायचा असेल तर आधी कूलर बंद करा)

तर आधीच सांगून ठेवतो, कूलर बंद आहे. मे महिना, नागपूर, बाहेर ४५ डिग्री, अन् मी दार-खिडक्या लावून कॅमेऱ्यासमोर बसलोय कारण तो सुरू असला की माइकमध्ये माझा आवाज कमी अन् त्याची घरघर जास्त येते. त्यामुळे घाम दिसला तर तो भीतीचा नाही. पण कूलर लक्षात ठेवा, त्याचा आजच्या पिक्चरशी संबंध आहे.

पिक्चर आहे द ब्लेअर विच प्रोजेक्ट, १९९९ चा. विच म्हणजे चेटकीण, अन् गोष्ट अशी की तीन पोरं तिच्यावर डॉक्युमेंटरी करायला जंगलात जातात अन् हरवतात, मागे सापडतं ते फक्त त्यांचं शूटिंग, अन् तेच खरं म्हणून आपल्याला दाखवतात. याच्याबद्दल मला आजपर्यंत दोनच प्रकारची माणसं भेटली. एक म्हणतो जगातला सगळ्यात भीतीदायक पिक्चर, रात्री बाथरूमला जाता येत नाही. दुसरा म्हणतो काय बह्याड पिक्चर आहे बे, ८१ मिनिटं तीन पोरं जंगलात भांडून राह्यली, कॅमेरा हलून राह्यला, अन् भूत? भूत तर येतच नाही. मी दोन्ही पार्ट्यांमध्ये राहून आलोय. आणि हो, आज सगळं फोडणार आहे, शेवटसुद्धा. पंचवीस वर्षं उलटली, आता तक्रार नको.

आधी मी दुसऱ्या पार्टीत होतो. अकरावीची परीक्षा संपलेली, नागपूरच्या महाल भागात एका मित्राच्या घरी, भाड्यानं आणलेली सीडी. आठ पोरं, छोटा टीव्ही, खिडकीत तो लोखंडी कूलर फुल स्पीडवर, खसचा वास, अन् मध्येच त्याची आई पन्ह्याचे ग्लास घेऊन आली तर सगळे तिकडे पळाले. शेवटचा सीन आला, एक पोरगा तळघरात भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात उभा, कॅमेरा धपकन खाली, खतम. आम्ही एकमेकांकडे पाह्यलं. एक जण म्हणाला, "याले मास्तरनं शिक्षा केली का बे?" बस. त्यानंतर वर्षभर वर्गात कोणी कमी मार्क आणले की जाऊन कोपऱ्यात उभं राहायचं, असा आमचा ब्लेअर विच.

दुसऱ्यांदा पाह्यला तीन-चार वर्षांआधी. डिसेंबर होता, आपल्याकडची ती कडाक्याची थंडी, पंखासुद्धा बंद, एकटाच, रजईत, हेडफोन लावून. आणि वीस-पंचवीस मिनिटांनी लक्षात आलं की बाप्पा, हा तर मी पाह्यलेलाच नाही! रात्री तंबूबाहेर, लांब कुठेतरी, काटक्या मोडल्यासारखा आवाज. मग जवळ. मग दुसऱ्या बाजूनं. पुढे एका रात्री लहान पोरांचे आवाज. हे अकरावीत मी ऐकलेच नव्हते, कूलरनं खाल्ले होते. या पिक्चरमध्ये पडद्यावर भूत नाही कारण ते सगळं आवाजात आहे, अन् आम्ही आवाज सोडून बाकी पिक्चर पाह्यला होता.

आता हा बनवला कसा ते ऐका, कारण ते पिक्चरइतकंच भारी आहे. डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ, दोन डायरेक्टर. ऑक्टोबर १९९७, अमेरिकेतलं मेरीलँड राज्य, आठ दिवसांचं शूटिंग, अन् त्याचा खर्च ३५ ते ६० हजार डॉलर सांगतात. हॉलिवूडच्या हिशेबानं हे म्हणजे लग्नातल्या मांडवाचे पैसे. तीन नट, हेदर, जोश, माइक, तिघांची खरीच नावं पिक्चरमध्ये वापरलीत. डायलॉग लिहिलेले नाहीत, फक्त गोष्टीचा आराखडा. तिघांच्या हातात कॅमेरे अन् एक जीपीएसचं यंत्र. रोज ठरलेल्या जागी जायचं, तिथे फिल्मच्या रिळाच्या डब्यांमध्ये प्रत्येकासाठी वेगळी चिठ्ठी, आज तुला काय करायचंय, अन् दुसऱ्याला दाखवायची नाही. खाणं रोज थोडं थोडं कमी करत नेलं. आणि रात्री हेच डायरेक्टर लोक गुपचूप येऊन तंबू हलवायचे, पोरांच्या आवाजाची टेप वाजवायचे. म्हणजे नटांना माहीत होतं हा पिक्चर आहे, पण आज रात्री काय होणार हे माहीत नव्हतं. ती जी चिडचिड दिसते ना पडद्यावर, त्यातली बरीचशी उपाशीपोटाची आहे.

वीस तासांच्या आसपास फुटेज जमलं, त्यातून ८१ मिनिटं काढली, एडिटिंगला आठ महिन्यांच्या वर गेले. मी दहा मिनिटांच्या व्हिडिओला दोन दिवस घालवतो अन् घरचे विचारतात काय करून राह्यला इतका वेळ, त्यांना हे सांगायला पाहिजे.

आणि भूत काहून दिसत नाही? एक सीन आहे, तिघं रात्री तंबूतून पळतात अन् हेदर पळता पळता बाजूला पाहून किंचाळते, ते काय आहे, ते काय आहे. तिथे खरंच एक माणूस उभा केला होता, टीममधलाच, पांढरे कपडे, तोंडावर स्टॉकिंग ओढून. फक्त कॅमेरा तिकडे वळलाच नाही! पळण्याच्या गडबडीत राहून गेलं. आपल्याकडे दुसऱ्या दिवशी रिटेक झाला असता, वर वीज चमकवली असती, अन् त्या पांढऱ्या कपड्यातल्या माणसाला पाहून आज आपण हसलो असतो. यांनी तसंच ठेवलं. नशीब म्हणा, पण नशीब ओळखून गप्प बसणं हीसुद्धा कला आहे.



बरं, आता माझा खरा मुद्दा. हा विचचा पिक्चर नाहीच आहे. हा चकव्याचा पिक्चर आहे.

ज्यांच्या घरी गावाकडचे म्हातारे आहेत त्यांना सांगायची गरज नाही. माझे मामा देवलापारकडचे, पेंचच्या जंगलाला लागून, त्यांच्याकडून मी लहानपणी किती वेळा ऐकलं की संध्याकाळी शेतावरून निघालो, रोजची वाट, पायाखालची, अन् चालतोय चालतोय तर पुन्हा त्याच मोहाच्या झाडाखाली. पुन्हा निघालो, पुन्हा तेच झाड. मामा सांगायचे, "चकवा लागला का चालाचं नाई. बसून घ्याचं. उजाडलं का वाट आपोआप दिसते." चकव्याला चेहरा नाही, दात नाहीत, तो अंगावर येत नाही. तो फक्त तुमची वाट घेतो.

आणि या पिक्चरमध्ये काय होतं? तिघं होकायंत्र धरून दिवसभर दक्षिणेला चालतात. दिवसभर! संध्याकाळी समोर काय येतं, तर सकाळी ओलांडलेला ओढ्यावरचा तोच आडवा ओंडका. तिथे हेदर जी कोसळते ना, तो माझ्यासाठी पिक्चरमधला सगळ्यात भीतीदायक सीन आहे, भर उजेडात, कोणी मेलेलं नाही, रक्त नाही, नुसता ओंडका. बरं, चकव्याचं अर्धं उत्तर विज्ञानाकडे आहे, २००९ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी लोकांना जीपीएस लावून अनोळखी जंगलात सरळ चालायला सांगितलं होतं, ऊन असलं की लोक बऱ्यापैकी सरळ गेले, ढगाळ असलं की गोल गोल फिरले अन् त्यांना वाटत होतं आपण सरळच चाललोय. पण इथे पोरांच्या हातात होकायंत्र आहे. म्हणून ते उत्तर पुरत नाही, अन् म्हणूनच तो ओंडका डोक्यातून जात नाही.

त्याच्या आधीचा नकाशाचा सीन. नकाशा हरवला म्हणून तिघांची जुंपलेली, हेदरवर सगळे घसरून राह्यले, अन् मग माइक हसत हसत सांगतो की तो मी कालच लाथ मारून नदीत घालवला. काहून? तर काही कामाचा नव्हता म्हणून. यात विचचा काय हात? काहीच नाही. मित्रांसोबत चिखलदऱ्याला गेलेल्या प्रत्येकाला हा माणूस माहीत आहे, जो रस्ता चुकल्यावर मॅप बंद करतो अन् म्हणतो मला माहीत आहे, सरळ घे. मामांच्या गोष्टीत माणूस एकटा असायचा म्हणून बसून घ्यायचा, इथे तिघं आहेत अन् तिघांना तीन दिशांना जायचंय. चकवा लागल्यावर बसून न घेणाऱ्यांची गोष्ट आहे ही, अन् हे इतकं खरं मला महागड्या हॉरर पिक्चरमध्ये सापडलं नाही.

आता हवा. कारण हवा केली होती हे खरं आहे, ते लपवून फायदा नाही. पिक्चरच्या आधी वेबसाइट काढली, त्यावर खोटे पोलिस रिपोर्ट, विचचा खोटा इतिहास. जानेवारी १९९९ मध्ये सनडान्स या अमेरिकेतल्या पिक्चरच्या फेस्टिव्हलला या तिघांचे हरवले आहेत असे पोस्टर वाटले. टीव्हीवर खोटी डॉक्युमेंटरी दाखवली. नटांना लोकांसमोर येऊ दिलं नाही, हेदरच्या आईला तर सांत्वनाची कार्डं आली म्हणतात, पोरगी घरी जिवंत असताना! स्टुडिओनं ११ लाख डॉलरला पिक्चर घेतला अन् जगभरात जवळजवळ २५ कोटी डॉलर कमावले. आणि तरी तिकडे थिएटरमधून निघणाऱ्या प्रेक्षकांना विचारून जी ग्रेड काढतात ती आली सी प्लस. म्हणजे आमच्या महालातल्या आठ पोरांसारखीच अर्धी अमेरिका बाहेर येऊन म्हणत होती, भूत कुठे आहे?

म्हणून मला वाटतं, हा पिक्चर पारखायला आपणच बरोबर आहोत. आपल्याला ना ती वेबसाइट माहीत होती, ना पोस्टर. खोट्याची सगळी हवा निघून गेल्यावर जे उरतं तेवढंच आपल्यापर्यंत आलं. अन् जे उरलं ते माझ्या मते पुरेसं आहे. हां, पहिला फाउंड फुटेज, म्हणजे सापडलेल्या शूटिंगचा, पिक्चर वगैरे म्हणू नका, तो नाही. १९८० मध्ये इटलीच्या कॅनिबल होलोकॉस्टनं हे करून ठेवलंय, त्याच्या डायरेक्टरला नट जिवंत आहेत हे कोर्टाला दाखवावं लागलं होतं. त्यामुळे शोध लावला म्हणून मान द्यायचा असेल तर चुकीच्या जागी देऊन राह्यलो.

खोटी आहेच थोडी प्रसिद्धी, पण वेगळ्या अर्थानं. कौतुक झालं आयडियाचं अन् मार्केटिंगचं. ज्यांनी कॅमेरे धरले, डायलॉग सुचवले, उपाशी राह्यले, त्यांचं? हेदरला त्या वर्षीचा सगळ्यात वाईट अभिनेत्रीचा रॅझी, म्हणजे खिल्ली उडवायला देतात तो पुरस्कार, दिला. तो टॉर्चचा सीन आठवा, डोळे अन् नाक एवढंच फ्रेममध्ये, नाक वाहून राह्यलं, अन् ती सगळ्यांच्या आयांची माफी मागतेय. तो क्लोजअपसुद्धा चुकून झालाय, पूर्ण चेहरा घ्यायचा होता पण झूम जास्त झाला. त्यावर जगभर विनोद झाले, आम्हीसुद्धा केले, मी स्वतः टॉर्च हनुवटीखाली धरून केलेत. त्या बाईनं पुढे नावच बदललं. अन् २०२४ मध्ये नवीन ब्लेअर विचची घोषणा झाल्यावर तिघांनी जाहीर पत्र काढून आपल्या कामाचे पैसे मागितले. पंचवीस वर्षांनी! २५ कोटींच्या पिक्चरचे कॅमेरामनसुद्धा तेच होते.

दोषही आहेत. मधली दहा-पंधरा मिनिटं तेच तेच ओरडणं आहे, ती मी दुसऱ्यांदासुद्धा पुढे सरकवणार होतो. कॅमेरा इतका हलतो की तिकडे थिएटरमध्ये लोकांना मळमळलं होतं, अन् हे कोणाला नाही जमलं तर तो त्याचा दोष नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हा पिक्चर तुमच्याकडून फार लक्ष मागतो. तो कोपरा आठवतो ना, ज्याच्यावर आम्ही वर्षभर हसलो? त्याचं कारण सुरुवातीलाच गावातल्या एका माणसाच्या तोंडी आहे, तो सांगतो की पूर्वी इथे एक खुनी होता, दोन पोरांना तळघरात न्यायचा, एकाला कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभं करायचा अन् दुसऱ्याला मारायचा. स्टुडिओला शेवट कळेना म्हणून हा तुकडा नंतर घातलाय, त्यांनी तर दुसरे शेवटही शूट करायला लावले होते, पण डायरेक्टर लोकांनी हाच ठेवला. म्हणजे उत्तर अर्ध्या मिनिटाचं. अन् ते अर्धं मिनिट आम्ही पन्हं पिऊन राह्यलो होतो.

तर माझं मत, लायक आहे. जगातला सगळ्यात भीतीदायक वगैरे नाही, पण जंगलात वाट हरवण्यावर याच्यापेक्षा चांगला मी पाह्यला नाही. फक्त मोबाइलवर, जेवताना, मित्रांच्या गोंधळात पाहू नका. आणि नागपुरात असाल तर आत्ता तर अजिबातच नका, कूलर लावाल तर पिक्चर जाईल अन् बंद कराल तर तुम्ही जाल. डिसेंबरपर्यंत थांबा. तोवर तुमच्या घरी चकव्यावर काय उपाय सांगतात ते खाली लिहा, मामांचा बसून घ्यायचा उपाय मी सांगितलाच, चप्पल उलटी घालायचा कोणाकडे आहे का पाहू.

चला, बस झालं, लावतो मी आता कूलर.