नदीची हद्दवाढ

बसा, बसा. पुढच्या दोन रांगा रिकाम्या आहेत, मी प्रश्न विचारत नाही कुणाला. बाहेर फलकावर ‘सर्वांत चपटा तारा’ असं लिहिलंय, आणि मी त्यावर येणार आहे. पण आधी सांगा, घरी दक्षिणेकडे तोंड करून जेवायला कोण बसतं? एक हात. तोही आमच्या सौभाग्यवतींचा! आम्ही दक्षिणेला गॅलरी असलेला फ्लॅट घेतला, वास्तुवाल्यांच्या कृपेने स्वस्तात मिळाला. मेव्हणे म्हणाले, “अहो, यमाची दिशा ती.” म्हटलं, “मग बहीणही तिथेच असणार की!” खरंच आहे. मृगातल्या राजन्याच्या पायथ्याशी उगम पावून मंद ताऱ्यांची जी ओळ वळणं घेत दक्षिणेला उतरते, तिचं आपल्याकडचं नाव यमुना. आणि तिच्या पार टोकाला निळसर पांढरा, आकाशातल्या पहिल्या दहा तेजस्वी ताऱ्यांत बसणारा एक तारा आहे, अग्रनद. इंग्रजी नकाशात आकर्नार. फलकावरचा चपटा तारा तो हाच.

दक्षिणेच्याच अगस्ती ताऱ्याचं सगळ्यांना कौतुक. त्या नावाचा ऋषी समुद्र प्यायला, त्याने विंध्याला वाकवलं. अग्रनदाची अशी एकही गोष्ट माझ्या वाचनात नाही. आणि त्याचा दोष पुराणिकांना देऊ नका. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळे साडेपाच हजार वर्षांपूर्वी हा तारा आकाशाच्या दक्षिण ध्रुवापासून जेमतेम आठ अंशांवर होता. म्हणजे इथून क्षितिजाखालीच. दिसलाच नाही, तर गोष्ट कशी रचणार?

दुसऱ्या शतकात ताऱ्यांची यादी करणाऱ्या टॉलेमीलाही इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियातून तो दिसत नव्हता. त्याच्या यादीत नदी बरीच अलीकडे, दुसऱ्याच एका ताऱ्यापाशी संपते. अरबांनी त्या ताऱ्याला म्हटलं ‘आखिर अन्-नहर’, नदीचा शेवट. पुढे युरोपातले दर्यावर्दी विषुववृत्त ओलांडून खाली गेले, त्यांना हा झगझगीत तारा दिसला, आणि नकाशेवाल्यांनी नदी सरळ तिथपर्यंत ओढून नेली. जर्मन नकाशाकार बायरच्या १६०३च्या नकाशात ती लांबलेली आहे. शुद्ध हद्दवाढ! जुन्या ताऱ्याकडे त्याच नावाचा अपभ्रंश उरला, आकामर. जकात गेली, शहर पुढे सरकलं, तरी बसथांब्याचं नाव जकात नाकाच राहतं ना, तसं.

आता हा बघायचा कसा, यावर माझी फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी डिसेंबरात देवगडच्या बाजूला एका किनाऱ्यावर चाळीस माणसं घेऊन गेलो होतो. अंधार उत्तम. मी आधीच सांगून ठेवलेलं, तारा फार खाली असतो, समुद्राला टेकल्यासारखा. आणि होता की! नैर्ऋत्येकडे, पाण्याला लागून, निळा-पांढरा, असा तेजस्वी की मला भरून आलं. वीस मिनिटं बोललो. वाळूत काठीने आकृती काढली. एका आजींनी नमस्कारही केला. शेजारी एक खलाशी जाळं विणत बसला होता. माझं संपेपर्यंत थांबला बिचारा. मग म्हणाला, “गुरुजी, तो तारो नाय ओ. एलईडीवालो ट्रॉलर आसा. बघा, आता चालूक लागतलो.” आणि आमचा अग्रनद चालू लागला! दिवे लावून मासे ओढायला बंदी आहे म्हणतात. असेल. त्या रात्री सगळी बंदी माझ्याच तोंडाला होती.

खलाश्याने सुई खाली ठेवली, मान वर केली आणि विचारलं, “मगे तो वयलो कोण?” दीड मूठ वर, एकटाच, शांत. तोच होता. हात पुढे ताणला की मूठ साधारण दहा अंश व्यापते. देवगडहून अग्रनद सोळा-सतरा अंश चढतो, पुण्यातून चौदा, दिल्लीतून चारच. म्हणजे धुरक्यातच गेला. मी इतकी वर्षं ‘फार खाली, फार खाली’ म्हणत राहिलो, आणि मूठ लावून पाहिलीच नव्हती.

चिठ्ठी आली. “पाच मिनिटे.” पाच तर पाच.

तर चपटेपणा. २००३मध्ये चिलीतल्या परानालच्या दुर्बिणींनी, एकापेक्षा अधिक दुर्बिणींचा प्रकाश एकत्र जुळवून, याचा आकार मोजला. केवढा दिसतो? गुवाहाटीत ठेवलेलं दहा रुपयांचं नाणं पुण्यातून दिसेल, साधारण तेवढा. तेव्हा कमरेचा, म्हणजे विषुववृत्तावरचा व्यास ध्रुवांमधल्या व्यासाच्या दीडपटीहून थोडा जास्त भरला. २०१४च्या मोजणीत तो सुमारे १.३५ पट आला. तरी वरून-खालून दाबलेला कांदाच म्हणायचा. कारण गिरकी. सूर्याची कंबर सेकंदाला दोन किलोमीटर फिरते, याची जवळजवळ तीनशे. सूर्याला एका फेरीला पंचवीस दिवस लागतात, याला दीड.

आणि कंबर फुगली की ती केंद्रापासून लांब जाते, तिथलं गुरुत्व कमी पडतं, म्हणून ती थंडही होते. ध्रुवावर सतरा हजार केल्विन, कमरेला तेरा हजारांच्या आत. एकाच ताऱ्याचे दोन रंग! कधीकधी कमरेवरून वायू सुटतो आणि भोवती चकती तयार होते. शिवाय त्याला एक छोटा जोडीदार आहे, साधारण सात वर्षांत फेरी घालणारा. तो राहिला. पुढच्या वर्षी बोलावलंत तर.

अंतर सुमारे १४० प्रकाशवर्षं. १८८५च्या डिसेंबरात मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं, त्या सुमाराचा प्रकाश आज पोचतोय. आणि आजही डिसेंबरच आहे, सव्वाआठ झालेत. पाऊण तासात तो बरोबर दक्षिणेला येईल. आमच्या गॅलरीसमोर आता बावीस मजले उभे राहिलेत, पण या सभागृहाच्या गच्चीवरून दक्षिण मोकळी आहे, मी दुपारीच पाहून आलो. दीड मूठ, लक्षात ठेवा. चालू लागला तर तो विमानाचा दिवा. गच्चीची किल्ली वॉचमनकडे आहे, पण तो अजून जेवायला बसलाय, तेव्हा आधी चहा घ्या.