साटा नेहमीसारखा

श्रोतेहो, नमस्कार. दिवाळी आठवड्यावर आली आहे. रविवार कारंजाकडून यायचं म्हटलं तर पाय ठेवायला जागा नाही, आणि घरोघरी भाजणीचे वास सुटलेत. चकलीबद्दल, चिवड्याबद्दल तुम्हाला सांगणारे पुष्कळ भेटतील. नाशिककराला चिवड्याबद्दल सांगायचं म्हणजे जरा धाडसच. मी आज चिरोट्याबद्दल बोलणार आहे. पदर सुटलेल्या, पाकातल्या चिरोट्याबद्दल.

आमचं घर जुन्या नाशकात, वाड्यात. तांबट लेन हाकेच्या अंतरावर, त्यामुळे सकाळपासून तांब्यावर हातोडी पडल्याचा ठोकठोक आवाज कानात असायचा. आजी त्या आवाजावरून सांगायची, हा हंडा चाललाय, हे घंगाळ. खरं होतं की नाही देव जाणे, आम्ही कधी जाऊन पाहिलं नाही. पण तिचा कान तिखट होता, हे मात्र खरं.

आजी गेली आणि तिची वही माझ्याकडे आली. निळ्या पुठ्ठ्याची, तुपाने पारदर्शक झालेल्या पानांची. त्यात चिरोट्याची कृती सहा ओळींची: ‘बारीक रवा १ वाटी, मैदा १ वाटी, कडकडीत मोहन ४ पळ्या, मीठ चिमूट, दूध लागेल तसे. साटा नेहमीसारखा. मंद तळणे.’ संपलं. खाली धोब्याचा हिशोब.

पहिल्या दिवाळीला मी तिच्या बरहुकूम चिरोटे केले. काय सांगू! पदर म्हणून नाही. मैद्याचे बिल्ले झाले होते. वडील भिडस्त माणूस, म्हणाले, “चहात बुडवले की छान लागतात.” घरात कुणी ‘चहात बुडवले की’ असं म्हणालं, तर फराळाचं काय झालं ते तुम्हाला कळलंच.

चूक शोधायला मला दोन वर्षं लागली. पहिली चूक वाटीची. वहीतली वाटी म्हणजे आजीची पितळेची, भांडी बाजारातून घेतलेली. वाटणीत ती काकूंकडे गेली होती. मी त्यांच्याकडे गेले आणि खोकल्याच्या औषधाचं मापाचं झाकण घेऊन त्या वाटीत पाणी ओतत बसले. दहा मिलिलिटरचं झाकण, पंधरा वेळा. म्हणजे दीडशे. माझी स्टीलची वाटी दोनशेची. तुम्ही म्हणाल, सगळं एकाच वाटीने घेतलं तर प्रमाण बिघडतंच कसं? बिघडतं, कारण मोहन पळीने होतं, आणि पळी आजीचीच माझ्याकडे आलेली! पीठ वाढलं, तूप तेवढंच राहिलं. जितकं हवं त्याच्या पाऊणपट मोहन पडलं आणि चिरोटे दगड झाले. उलट मोहन जास्त झालं तर ते तुपात पडल्यावर विस्कटतात, कढईत नुसता चुरा. घरातल्या जुन्या कृती करणाऱ्यांना माझं सांगणं आहे: कृती मागताना सोबत वाटीही मागून घ्या.

दुसरी चूक मोठी, साट्याची, म्हणजे पोळ्यांच्या मध्ये लावायच्या तूप-पिठीच्या लेपाची. ‘साटा नेहमीसारखा.’ अहो, कुणाच्या नेहमीसारखा?

आता आपण नाशिककर. गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं हे बातम्यांत सांगतात, आपण ऐकतो आणि लगेच विचारतो, “मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?” आपल्या गंगेतल्या, म्हणजे गोदावरीतल्या, दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला. २०१९च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हाही गंगेवर जाऊन आलेल्याने हेच सांगितलं आणि आम्हाला सगळं कळलं. आजीचं मोजणं त्या जातीचं होतं. साटा किती, याला तिच्याकडे आकडा नव्हताच. काकूंनी तिच्या हाताखाली वीस वर्षं साटा फेसला होता. त्यांनी मला परातीसमोर बसवलं आणि म्हणाल्या, “बोट बुडवून उभं धर. ओघळला तर पातळ, गोळा होऊन बसला तर घट्ट. बोटाला मोज्यासारखा चढला पाहिजे.”

तरी मी त्यांच्या नकळत चमच्याने मोजून घेतलंय, ते सांगते. घरचं रवाळ तूप मोठे चार चमचे, परातीत तळव्याने फेसायचं. पिवळेपणा जाऊन ते पांढरंशुभ्र, हलकं होतं. मग त्यात तांदळाची पिठी तीन ते चार चमचे. पिठी वस्त्रगाळ हवी. कॉर्नफ्लोअर चालतं, काकूंना विचारू नका मात्र. तांदळाच्या पिठीला मैद्यासारखा चिकटपणा नसतो, म्हणून ती तुपाबरोबर दोन पोळ्यांच्या मध्ये बसते आणि त्यांना एकजीव होऊ देत नाही. तळताना पिठातल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट हवी असते, ती पदरांना ढकलते. चिरोटा फुलतो तो असा. माझा पहिल्या वर्षीचा साटा पातळ होता. ऑक्टोबरच्या दुपारी तूप पाणी झालं होतं, सगळं पोळीत जिरलं. आता मी साट्याचं भांडं गार पाण्यात ठेवते, नाहीतर सरळ पहाटे करायला बसते. आपल्याकडे दिवाळीच्या सुमाराला पहाटे गारवा असतो, त्याचा फायदा घ्यावा.

पीठ घट्ट भिजवून ओल्या फडक्याखाली तासभर तरी ठेवायचं, रव्याने दूध प्यायला पाहिजे. मग चांगलं कुटायचं. आजी पाट्यावर वरवंट्याने कुटायची. मी खलबत्ता घेते आणि खालच्या मजल्यावरच्यांना आधी सांगून ठेवते. वाटीच्या त्या मापात सहा पोळ्या होतात, तीन-तीनच्या दोन चळती. पोळी इतकी पातळ की खालचा पोळपाट दिसावा. पोळीवर साटा कडेपर्यंत, त्यावर दुसरी, पुन्हा साटा, तिसरी, पुन्हा साटा. मधली पोळी आमच्याकडे गुलाबी असते. रंगाच्या बाबतीत मी हट्टी आहे: पांढरा आणि गुलाबी, बस. हिरवा-पिवळा चिरोटा पाहिला की मला पतंगाचं दुकान आठवतं.

मग वळकटी. घट्ट, मध्ये हवा राहू न देता. पाच वेढे बसले तर मधल्या टोकापासून कडेपर्यंत पंधरा पदर झाले, हिशोब करून बघा. धारदार सुरीने एका झटक्यात बोटभर रुंदीचे तुकडे. करवतीसारखं मागेपुढे केलं की कापलेल्या कडा एकमेकींना चिकटल्याच. कापलेली बाजू वर ठेवायची, तळव्याने जरा दाबायचं, लाटणं एकदा, फार तर दोनदा फिरवायचं, तेही हलकं. इथे हात जड झाला तर मागची सगळी मेहनत गंगेला मिळते.

तुपात कणकेची गोळी सोडून बघा. ती क्षणभर तळाशी बसून सावकाश वर आली पाहिजे. सोडल्या सोडल्या वर उसळली तर आच जास्त आहे, बाहेरून पदर भाजून मिटतील आणि आत कच्चे राहतील. चिरोटा तुपात गेला की झाऱ्याने त्याच्यावर गरम तूप उडवत राहायचं. पदर एकेक करून उघडताना दिसतात. इतक्या वर्षांनीही मी तेवढा वेळ कुणाशी बोलत नाही.

पाकाचं थोडक्यात सांगते. दोन वाट्या साखर, ती बुडेल इतकं पाणी, पक्का एकतारी पाक आणि लिंबाचे चार थेंब. आंबटामुळे साखरेचा काही भाग फुटतो, म्हणून पाक परत दाणेदार होऊन चिरोट्यावर साखर फुलत नाही. पाक कोमट, चिरोटा निवलेला. बुडवून लगेच काढायचा आणि चाळणीत उभा ठेवायचा, आडवा नाही. आडव्याच्या पोटात पाक साचतो आणि दुसऱ्या दिवशी तो मऊ पडतो.

कर्नाटकात लग्नाच्या पंगतीत चिरोटी पिठीसाखर घालून बदामाच्या दुधाबरोबर वाढतात. बिहारमधल्या सिलावचा खाजाही पदरांचाच, त्याला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. भावकी मोठी आहे. पण पाकाला चिकटलेलं बोट चाटायची परवानगी कुठल्या पंगतीत मिळते, ते मला ठाऊक नाही. आमच्या घरात होती.

एक राहिलं. ‘मंद तळणे’ म्हणजे किती मंद, तेही आजीने लिहिलेलं नव्हतं. तिच्या स्वयंपाकघरात कोनाड्यात रेडिओ असायचा. दिवसभर चालू. चिरोटे तळायला घेतले की मात्र ती मला हाक मारायची, “बयो, तो रेडिओ बारीक कर गं, मला तूप ऐकू येत नाही.” तूप आधी चुरचुर बोलतं, भरभर, कारण पाणी निघत असतं. मग बोलणं विरळ होत जातं. अगदी थांबायच्या आत चिरोटा उचलायचा. तोवर तो कडेने जेमतेम बदामी झालेला असतो.

तेव्हा श्रोतेहो, या दिवाळीला कढई चढवाल, पहिला घाणा तुपात सोडाल, तेव्हा रेडिओ बारीक करा. मी बोलत असले तरी.