शंकरपाळ्यांची वाट

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय सायकलच्या मागच्या कॅरिअरबद्दल आणि त्याला लावायच्या बॅगांबद्दल.

पूर्वी आपल्या पुण्यात हा प्रश्नच नव्हता. काळी सायकल घेतली की कॅरिअर असायचंच, स्प्रिंगच्या चिमट्याचं. त्यावर डबा, मंडईची पिशवी, आणि चौकात पोलीस नसेल तर धाकटा भाऊ. आताच्या गिअरवाल्या सायकलींना बहुधा मडगार्डसुद्धा नसतं. एवढे पैसे मोजायचे आणि पावसाळ्यात पाठीवर चिखलाची रेघ घेऊन ऑफिसात जायचं! असो.

तर एका भाऊबीजेला मी भोरला ताईकडे सायकलवर निघालो. आईनं फराळाचे दोन डबे दिले, शिवाय एका पिशवीत शंकरपाळे. माझं कॅरिअर होतं सीटच्या दांड्याला एकाच पकडीवर आवळायचं. असलं कॅरिअर फार तर आठ-दहा किलो पेलतं. मी त्यावर सगळं रचलं आणि दोरीनं बांधलं. कात्रजच्या जुन्या घाटात चढताना सायकल मागून डुलत होती, तेव्हाच समजायला हवं होतं. बोगदा ओलांडून उतार लागला आणि मागून खर्र खर्र आवाज सुरू झाला. मला वाटलं, रस्ताच खराब. तेवढ्यात मागून हाक आली, “ओ पाव्हणं, खाऊ सांडतोय!”

वळून पाहिलं तर कॅरिअर एका बाजूला फिरलेलं, पिशवी टायरला घासून फाटलेली, आणि घाटाच्या वळणापर्यंत शंकरपाळ्यांची वाट. दोन कुत्री त्या वाटेनं शिस्तीत येत होती. चकल्या डब्यात होत्या म्हणून वाचल्या. आईच्या चकल्या अशा कडक, की मला तर वाटतं त्या रस्त्यावर पडल्या असत्या तरी शाबूत राहिल्या असत्या. हल्ली विकत मिळतात त्या मऊ चकल्यांना मी चकली म्हणतच नाही.

हाक मारणारे दूधवाले काका होते. त्यांच्या सायकलला दोन्ही बाजूंना दोन किटल्या, चाकाच्या आसापर्यंत खाली लोंबणाऱ्या. त्यांनी जुन्या ट्यूबच्या पट्टीनं माझे डबे पुन्हा बांधून दिले आणि म्हणाले, “वजन खाली पायजे. आन् दोन्हीकडं सारखं.”

श्रोतेहो, वजन खाली आणि दोन्हीकडे सारखं. दुकानात गेलात तर आधी आपल्या सायकलच्या मागच्या आसाजवळ कॅरिअरच्या बोल्टसाठी भोकं आहेत का पाहा. असतील तर पाय खाली टेकणारं कॅरिअर घ्या. चांगल्या कॅरिअरवर पंचवीस किलोपर्यंतचा आकडा छापलेला असतो. डिस्क ब्रेक असेल तर कॅरिअरचा पाय ब्रेकला अडत नाही ना, तेही पाहा. बॅगा जोडीनं घ्या, वर हुक आणि खाली अडकवण असलेल्या, म्हणजे खड्ड्यात उसळणार नाहीत. पावसासाठी तोंड गुंडाळून बंद होणारी बॅग उत्तम, नाहीतर आत प्लॅस्टिकची पिशवी आहेच. पहिल्या दोन-चार फेऱ्यांनंतर नट पुन्हा आवळा.

आणि विकत घेण्याआधी बॅग लावून, सीटवर बसून पायडल उलटं फिरवा. दुकानदार म्हणेल, “बसतंय की साहेब.” त्याचं ऐकू नका. टाच बॅगेला लागत असेल तर बॅग मागे सरकवायला सांगा. सरकत नसेल, तर दुसरी दाखवायला सांगा.