आकडा एकच: १५.१

शाळेच्या व्हरांड्यात वजनकाटा मांडलाय. चपला काढून पोरं रांगेत उभी. पहिलीतला एक मुलगा काट्यावर चढतो: २० किलो. मग टाचा, पाठ, डोकं भिंतीला टेकवून उंची: ११५ सेंटिमीटर, म्हणजे १.१५ मीटर.

आता गणित. उंचीला उंचीनंच गुणायचं आणि आलेल्या संख्येनं वजनाला भागायचं. उत्तर १५.१. हा त्याचा बीएमआय (बॉडी मास इंडेक्स), म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती, याचं माप.

मोठ्या माणसाचा हा आकडा आला असता, तर डॉक्टरांनी लगेच तपासण्या लिहून दिल्या असत्या. १४ वर्षांच्या मुलाचा असता, तरी काळजीच होती. पण हा सहा वर्षांचा आहे, आणि सहाव्या वर्षी १५.१ म्हणजे जवळजवळ मधोमध.

मुलांचा बीएमआय वयाबरोबर हलतो. वर्षाचं बाळ गुबगुबीत असतं. मग ते धावायला लागतं, आकडा उतरत जातो आणि पाच-सहा वर्षांच्या सुमारास तळ गाठतो. ‘कसा गुटगुटीत होता, आता बरगड्या मोजून घ्या,’ अशी आजीची तक्रार असते ती याच वयातली! तिथून आकडा पुन्हा चढतो. हा चढ तिसऱ्या-चौथ्या वर्षीच सुरू झाला, तर मात्र पुढे लठ्ठपणाची शक्यता वाढते.

म्हणून हा आकडा वयाच्या तक्त्यावर मांडतात. मुलींचा तक्ता वेगळा, मुलांचा वेगळा. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१५ मध्ये पाच ते अठरा वर्षांसाठी तक्ते दिले. त्यात जादा वजनाची रेघ मोठेपणीच्या २३ बीएमआयला जुळवलेली आहे, लठ्ठपणाची २७ला. एरवी जगात २५ आणि ३० धरतात. मग आपली रेघ खाली का?

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापून आला. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, शेजारी-शेजारी. दोघांचा बीएमआय २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२! आपली रेघ खाली ती यासाठीच. किरकोळ दिसणाऱ्या भारतीय अंगातही चरबी दडलेली असते, हे पुण्याच्या नवजात बाळांमध्येही दिसलं होतं.

इकडे रांगेत पुढची मुलगी डोक्यावर उंच पोनी बांधून आलीय. बाई आधी ती सोडायला लावतात. उंचीत दोन सेंटिमीटर केस मोजले गेले, तर भागाकारात ते दोनदा धरले जातील.